मेट्रो रात्रभर का नाही? (पंचगंगाकाठ यांच्या पोस्टवरून)

ट्रॅकवाला_मिरज: पंचगंगाकाठ यांनी काल लिहिलं, "कोल्हापूरची ट्रॅव्हल्स पहाटे साडेचारला दादरला उतरवते आणि भुयारी मेट्रो तीनचं शटर खाली. न्यूयॉर्कात चोवीस तास धावते, आपल्याकडं रात्री साडेदहाला शेवटची गाडी. निव्वळ आळस." भावा, आळस म्हणायच्या आधी रात्रीचा हिशेब तरी मांड. साडेदहाला टोकावरनं सुटलेल्या गाडीला 33.5 किलोमीटर तोडायला तासभर लागतो. मग गाड्या डेपोत. त्यानंतर 25 केव्हीचा (पंचवीस हजार व्होल्टचा) वीजपुरवठा बंद करायचा, तो खरंच बंद झाला का तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड (तारेत वीज राहिली-आली तर जमिनीत उतरवणारे) लावायचे, तेव्हा कुठं रुळावर काम करायचं परमिट हातात पडतं. तोवर साडेबारा. पहाटे सगळं उलटं: माणसं मोजा, पाने-जॅक मोजा, रॉड काढा, परमिट परत द्या, पुरवठा चालू करा, आधी रिकामी गाडी फिरवून बघा. खऱ्या कामाला उरतात तीन-साडेतीन तास. त्यात रुळाचा एक सांधा थर्मिटनं, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतून, जोडायचा तर 25 मिलिमीटरची फट धरून साचा बांधणं, रुळाची टोकं तापवणं, ओतणं, वरचा माल छाटणं, ग्राइंडिंग. ओतल्यावर निदान अर्धा तास त्यावरनं गाडी सोडत नाहीत. रात्री वीस मिनिटाला एक गाडी ठेवली तरी हे बसवणार कुठं?

पंचगंगाकाठ: मग न्यूयॉर्कात रूळ सोन्याचे आहेत काय? 1904 पासनं चालू आहे ती.

उद्यमनगर_भट्टी: सोन्याचे नाहीत, चार आहेत. बऱ्याच मार्गांवर मधले जलद, कडेचे धिमे. आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत एका वीज-पॅनेलवर दोन क्रुसिबल (धातू वितळवायची भांडी) ठेवतात, एकाचं आतलं अस्तर ठोकत असताना दुसऱ्यात माल वितळतो, तसलाच प्रकार. एकच क्रुसिबल असणाऱ्यानं शेजारच्याची भट्टी बघून रडायचं नसतं. आणि तिथंही 2012 पासनं कामाच्या दिवशी रात्री मार्गाचे तुकडे बंद करून कामं उरकतात. कोरोनात मे 2020 पासनं वर्षभर रात्रीचे काही तास सगळंच बंद ठेवलं होतं, ते कुणी सांगत नाही.

पंचगंगाकाठ: बरं. कोपनहेगन? दोनच रूळ, 2009 पासनं चोवीस तास. लंडनमध्येही रात्रीची चालते. आणि मुंबईत गणपतीला मेट्रो दोन-अ, सात मध्यरात्रीपर्यंत चालवतात, तेव्हा तुमची देखभाल कुठं जाते?

ट्रॅकवाला_मिरज: लंडनला ऑगस्ट 2016 ला दोन मार्गांवर सुरू झाली, आता पाच मार्गांवर, तेही शुक्रवार-शनिवारी रात्री फक्त. उरलेल्या रात्री तिथंही रुळावर माणसंच असतात. गणपतीचे दहा दिवस मोठी कामं पुढं ढकलायची आणि नुसती तपासणी करायची, एवढंच. वर्षभर ढकललं तर वळणावर रुळाच्या डोक्यावर केसासारख्या भेगा पडतात, त्या वेळेत घासल्या नाहीत तर खोल जातात, मग ग्राइंडिंगनं भागत नाही, रूळच बदलावा लागतो. कोपनहेगन मात्र मान्य. विनाचालक गाड्या, आणि काम असेल तिथं एक बोगदा बंद ठेवून दुसऱ्यातनं दोन्हीकडच्या गाड्या. पण दोन क्रॉसओव्हरच्या (एका रुळावरनं दुसऱ्यावर जायच्या जोडांच्या) मध्ये चार स्टेशनं असली तर पार व्हायला आठ-नऊ मिनिटं, उलट दिशेच्या गाडीला तेवढीच. वीस मिनिटांच्या खाली अंतर येत नाही.

पंचगंगाकाठ: म्हणजे जमतंय की! एवढं लांबण लावून शेवटी माझंच खरं केलंत. धन्यवाद, साहेब.

ट्रॅकवाला_मिरज: जमतं, पण तसं आधीपासनं आखलं तर. बोगदा खोदून झाल्यावर क्रॉसओव्हर बसवायला निघालास तर नवी खोदाई आली, मर्दा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली: मुंबई-न्यूयॉर्क चुलीत घाला. इथं शिरोलीत दुसरी पाळी मध्यरात्री सुटते, बस कुठाय? रिक्षावाला मीटर टाकत नाही, म्हणेल ती रक्कम. भुयाराच्या गप्पा पोट भरलेल्यांनी माराव्यात.

उद्यमनगर_भट्टी: विषय काय, चाललंय काय! पण हिशेब घ्या. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते शिरोली एमआयडीसी जाऊन-येऊन तासभर धरा. अर्ध्या तासाला बस हवी तर दोन गाड्या रस्त्यावर आणि एक राखीव, नाहीतर एक बंद पडली की अंतर तासाचं. सुट्ट्या धरून दोन गाड्यांना निदान तीन चालक, तीन वाहक. शिवाय डिझेल, धुणं, हवा, ब्रेक हे सगळं डेपोत रात्रीच होतं. त्या गाड्यांचं ते दुपारी करायचं, म्हणजे दुपारच्या दोन फेऱ्या गेल्या.

राजारामपुरी_आठवी_गल्ली: जाऊदे की! दुपारी रिकाम्याच पळतात.

शाहूपुरी_ताई: रिकाम्या म्हणे. दुपारी शाळा सुटल्यावर स्टॉपवर उभं राहून बघा. आपली पाळी सोयीची व्हावी म्हणून पोरींच्या फेऱ्या कापायच्या व्हय?

राजारामपुरी_आठवी_गल्ली: पोरींच्या फेऱ्या कोण कापतंय? अकरा ते एकच्या कापा म्हणतोय. आणि पाळी सोयीची नव्हे, पोटाची आहे.

शाहूपुरी_ताई: मग पाळी सुटायच्या वेळेला दोन फेऱ्या मागा. रात्रभर अर्ध्या तासाला कशाला? तीन वाजता त्यात कोण बसणार?

राजारामपुरी_आठवी_गल्ली: ...साडेबारा आणि सव्वा. तेवढं चालेल. पण रोज.

पंचगंगाकाठ: माझ्या धाग्याची एसटी केली तुम्ही, कुणीपण चढतंय. माझं एवढंच, निदान रविवारी पहाटे तरी लवकर सोडा मेट्रो. शनिवारची ट्रॅव्हल्स भरून जाते.

ट्रॅकवाला_मिरज: नेमकी तीच रात्र लांब ब्लॉकला, म्हणजे गाड्या बंद ठेवून जास्त वेळ काम करायला, मिळते. रविवारी सकाळी गर्दी कमी, म्हणून ग्राइंडिंग, रूळ बदलणं असली कामं त्याच रात्री धरतात. गुरुवार माग, त्यावर बोलता येईल.