योरुबा जुळ्यांच्या मूर्ती : अंगावरचे मणी आणि झिजलेले चेहरे

प्रश्न (काष्ठवेध):
नैऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात जुळ्यांपैकी एखादे मूल दगावले, तर त्याच्या नावाने लाकडी मूर्ती कोरून घेतली जात असे. या मूर्तींना ‘एरे इबेजी’ म्हणतात. एका संग्रहालयात अशा मूर्तींची जोडी पाहिल्यापासून काही शंका मनात आहेत. दोन्ही मूर्ती वीतभर उंचीच्या होत्या. मूल तान्हेपणी गेलेले असूनही दोघींची शरीरे पूर्ण वाढ झालेल्या स्त्रियांची होती. एकीचे नाकडोळे जवळजवळ पुसले गेले होते, तर दुसरीचे ठसठशीत होते. केसांवर निळा रंग होता आणि गळ्यात व कमरेला मण्यांचे सर होते. हे दागिने कोण घालत असे, त्यांना अर्थ होता की ती केवळ सजावट होती, आणि चेहरा इतका कशाने झिजतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नीलमणी):
चेहरा झिजतो तो आईच्या हातांनी, आणि माझ्या मते या मूर्ती समजून घेण्याची खरी वाट तिथूनच सुरू होते.

योरुबा लोकांमध्ये जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. ओयो राज्यातील इग्बो-ओरा हे गाव त्यासाठी प्रसिद्धच असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नोंदींत तिथे हजार बाळंतपणांमागे 45 च्या आसपास जुळी आढळतात. जुळी बाळे बहुधा कमी वजनाची असतात आणि पूर्वी त्यातली कितीतरी जगत नसत. जुळ्यांचा आत्मा एकच, अशी श्रद्धा असल्यामुळे एक गेले की मागे राहिलेल्याचाही जीव धोक्यात आला असे मानले जाई. मग आईवडील इफाचा कौल लावणाऱ्या बाबालावोकडे जात आणि त्याने सांगितल्यास कोरक्याला मूर्तीचे काम देत. मूर्ती गेलेल्या मुलाच्या लिंगाची असे, पण ती त्याची हुबेहूब प्रतिमा नसे. शरीर भर तारुण्यातले, डोके एकूण उंचीच्या जवळपास एक तृतीयांश आणि केशरचना उंच बांधलेली, असे तिचे रूप असे. माणसाचे प्राक्तन ‘ओरी’त, म्हणजे डोक्यात, वसते असे योरुबा मानतात; डोक्याला दिलेला हा मान त्यातूनच आला आहे.

मूर्ती घरी आली की ती जिवंत मुलासारखी सांभाळली जाई. तिला न्हाऊ घालायचे, खाऊ दाखवायचा, कॅमवुड या झाडाच्या लाकडाची तांबडी पूड तेलात कालवून अंगाला चोळायची, केसांना नीळ लावायची. हे वर्षानुवर्षे, कधी पुढच्या पिढीपर्यंत चालत असे. रोजच्या हाताळण्याने आधी नाक, मग ओठ आणि डोळे गुळगुळीत होत जातात, तर तांबडी पूड खोबणींत साचून राहते. म्हणून झिजलेला चेहरा पाहून कोणी ‘मूर्ती खराब झाली’ म्हटले की मला वाईट वाटते.

केसांवरचा रंग मुळात झाडापासून काढलेल्या निळीचा असे. पुढे बाजारात युरोपातून आलेली कपड्यांची नीळ मिळू लागली आणि तीच वापरात आली. रेकिट कंपनीच्या निळीचा तिथे बराच प्रसार होता. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना घालायची रॉबिन नीळ याच कंपनीची.

आता मणी. कोणत्या देवतेच्या आश्रयाला कुटुंब आहे हे त्यांच्या रंगांवरून कळते. लाल आणि पांढरे मणी आलटून-पालटून ओवले असतील तर ते वीजेचा देव शांगो याचे, आणि जुळ्यांचे त्याच्याशी विशेष नाते मानले जाते. पांढरे मणी ओबातालाचे. मुलींच्या कमरेला मण्यांचे सर असणे ही तर जिवंत मुलींचीच रीत होती. मनगटात पितळी किंवा लोखंडी कडी असतात. काही मूर्तींना कवड्या शिवलेला झगा घातलेला असतो. तो सर्वांत बोलका, कारण कवडी हे तिथले चलन होते आणि नीट सांभाळलेली जुळी घरात संपत्ती आणतात, अशी श्रद्धा होती. यातल्या जुन्या कवड्यांचा प्रवास हिंदी महासागरातून झालेला आहे. मालदीवच्या कवड्या हिंदुस्थान व श्रीलंकेच्या बंदरांतून युरोपीय जहाजांनी नेल्या आणि त्या पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या व्यापारात खर्ची पडल्या. तेच नाणे एका आईने आपल्या मृत मुलाच्या अंगावर पांघरूण म्हणून घातलेले पाहताना मन सुन्न होते.

प्रश्नकर्ता (काष्ठवेध):
सविस्तर उत्तरासाठी मनःपूर्वक आभार. एक उरते : जोडीतील दोघींची झीज इतकी वेगळी कशी? आणि अंगावरचे दागिने मुळातले आहेत हे ओळखता येते का?

उत्तर (जतनशाळा):
लाकडी वस्तूंचे जतन हा माझा व्यवसाय असल्यामुळे या बाजूचे सांगते. दोन्ही मुले एकाच सुमारास गेली, तर दोन मूर्ती एकाच कोरक्याकडून घडवल्या जात आणि त्यांची झीजही सारखी दिसे. दुसरे मूल पुढे वारले असेल, तर दुसरी मूर्ती उशिरा आणि कदाचित वेगळ्या हातची असणार, म्हणून तिचा चेहरा कमी झिजलेला. मात्र तिसरीही शक्यता ध्यानात ठेवावी. विसाव्या शतकात ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांचा प्रसार झाल्यावर या मूर्ती मोठ्या संख्येने घराबाहेर पडल्या, आणि विक्रेत्यांनी दोन वेगळ्या घरांतल्या मूर्तींच्या जोड्या जुळवल्या. किंमत वाढावी म्हणून मणीही चढवले.

मुळातला सर बहुतेक वेळा स्वतःची खूण सोडतो. गळ्याभोवती किंवा कमरेवर बारीक घासलेली रेघ, कड्याखालचे कमी झिजलेले लाकूड, मण्यांच्या भोकांत आणि दोऱ्यात मुरलेली तांबडी पूड, अशा खुणा जुळल्या तर दागिना मूर्तीसोबत बराच काळ राहिला आहे असे म्हणता येते. स्वच्छ लाकडावर स्वच्छ दोरा दिसला, तर शंका घ्यावी. आणि कोणाच्या संग्रहात अशी मूर्ती असेल, तर कळकळीची विनंती : ती धुऊ नका, तेल लावू नका, तुटका दोरा बदलू नका. पूड आणि नीळ एकदा निघून गेली, की त्या घराने केलेली सेवाही मूर्तीवरून नाहीशी होते.

उत्तर (नीलमणी):
एक पुरवणी. काही मूर्तींच्या छातीवर त्रिकोणी ताईत कोरलेला असतो. तो मुस्लिम कुटुंबांचा आहे, म्हणजे धर्म बदलल्यावरही काही घरांनी ही प्रथा चालू ठेवली होती. पुढे कोरीव मूर्तीच्या जागी बाजारातली प्लास्टिकची बाहुली आली आणि काही ठिकाणी छायाचित्र आले : जिवंत राहिलेल्या मुलाचेच छायाचित्र एका चौकटीत शेजारी-शेजारी दोनदा छापून जोडी पुरी करत.