माशांसाठी शिड्या आहेत, मग स्नेक नदीवरची धरणं फोडायची कशाला?

अनिकेत_के: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यात चार धरणं आहेत: आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस, लोअर ग्रॅनाइट. सॅमनसाठी (नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला परत नदीत येणारा मासा) ती काढा, असा वाद कधीचा चाललाय. परवा आइस हार्बर बघून आलो. काचेपलीकडे शिडी, म्हणजे धरणाशेजारची पाण्याच्या पायऱ्यांची वाट, चढणारे मासे चक्क दिसतात. मग अडतंय कुठे?

सांडवा: काचेतून दिसतो तो चढणारा मोठा मासा. खरी गोची उतरणाऱ्या पिल्लांची. ही बोटाएवढी पिल्लं पूर्वी बर्फ वितळल्यावर येणाऱ्या लोंढ्याबरोबर समुद्राकडे जायची, तीही बऱ्याचदा शेपटी पुढे करून, आपसूक वाहत. आता चार धरणांचे फुगवटे मिळून सव्वादोनशे किलोमीटर संथ पाणी. उन्हाळ्यात ते तापतंही. पिल्लू पोहून दमतं, रेंगाळतं, मोठ्या माशांच्या नाहीतर पक्ष्यांच्या तोंडी जातं. त्यातून वाचलं तर पुढे टर्बाइन, आणि स्नेक जिला मिळते त्या कोलंबिया नदीवर आणखी चार धरणं आहेतच. म्हणून तर पिल्लं गोळा करून बार्जमध्ये (सपाट मालवाहू बोटीत) भरतात आणि त्यांतल्या शेवटच्या बॉनव्हिल धरणाच्या खाली नेऊन सोडतात. मासा बोटीत बसून समुद्राला! 1992 साली वरच्या अंगाला आयडाहो राज्यातल्या रेडफिश लेकला एकच सॉकाय (सॅमनचीच एक जात) परतला होता.

मीनल: पटलं, पण लगेच अमेरिकेतल्याच क्लॅमथ नदीचा दाखला देऊ नका. तिथली चार धरणं 2024 पर्यंत काढली, त्याच वर्षी सॅमन वर पोचले, हे खरं. पण तिथली वीज मुळात थोडी होती. स्नेकवरची चार धरणं सरासरी हजार मेगावॅटच्या आसपास देतात. शिवाय आयडाहोतल्या लुइस्टन बंदरापासून गव्हाचे बार्ज याच पाण्यावर चालतात. तो गहू रेल्वेने न्यायचा तर भाडं कोण भरणार? शेतकरीच ना?

सांडवा: रास्त मुद्दा. आयडाहोचे रिपब्लिकन खासदार माइक सिम्पसन यांनी 2021 मध्ये 33 अब्ज डॉलरची योजना मांडली ती याचसाठी: आधी वीज आणि वाहतुकीची पर्यायी सोय, मग धरणं. काँक्रीट सगळं पाडायचंही नाही, बाजूचा मातीचा भराव काढून नदीला वाट द्यायची. पूर अडवायला ही धरणं बांधलेलीच नाहीत, त्यामुळे ती भीती नको. आणि 1855 चे करार विसरू नका. नेझ पर्स आणि इतर मूळनिवासी जमातींनी अमेरिकी सरकारला जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. नदीत मासाच नसेल तर तो हक्क घेऊन काय करायचं?

अनिकेत_के: मग निर्णय कोणाच्या हातात?

सांडवा: धरणं सरकारी आहेत, तेव्हा फोडायला अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची मंजुरी हवी. 2023 अखेरीस बायडन सरकारने जमातींशी समझोता केला होता, पर्यायी विजेची तयारी तरी सुरू झाली असती. जून 2025 मध्ये ट्रम्प यांनी त्यातून अंग काढून घेतलं.