स्पेनला लढायला गेलेले परदेशी: बरोबर केलं का त्यांनी?

वाटसरू
गोपाळ मुकुंद हुद्दारांबद्दल वाचल्यापासून झोप उडालीय. नागपूरचे, संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ नावाने थेट स्पेनच्या यादवीत (१९३६-३९), लोकनियुक्त प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोशी लढायला! एप्रिल १९३८ मध्ये स्पेनमधल्या गांदेसाजवळ पकडले गेले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या जुन्या मठात कैद भोगली. असे पन्नासेक देशांतले सुमारे ३५ हजार लोक गेले. युरोपातल्या सरकारांनी ‘हस्तक्षेप करायचा नाही’ असा करार केला होता. त्यात सामील असूनही हिटलरने विमानं पाठवली, मुसोलिनीने फौज. मग ही माणसं रात्री फ्रान्स-स्पेन सीमेवरचा पिरेनीज पर्वत चढून गेली, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून दोरीच्या तळव्यांच्या चपला घालून. माझ्या मते त्यांनी केलं ते योग्यच.

काटेकोर
त्यांच्या हिमतीबद्दल वाद नाही. पण ती कुणाच्या हवाली केली? या स्वयंसेवकांच्या अल्बासेतेच्या तळावर प्रमुख म्हणून फ्रेंच कम्युनिस्ट आंद्रे मार्ती बसला होता, त्याला जो तो हेर वाटायचा. जून १९३७ मध्ये स्टालिनविरोधी डावा नेता आंद्रेउ निनला स्टालिनच्या हस्तकांनी पळवून मारलं, तोही फॅसिझमविरोधीच होता ना? आणि फेब्रुवारी १९३७ ची हारामाची लढाई बघा. ब्रिटिश तुकडीचे सहाशेच्या आसपास लोक टेकडीवर गेले, बहुतेकांना प्रशिक्षण नावापुरतंच. मशीनगनला दिलेल्या गोळ्या त्या बंदुकीच्या नव्हत्याच! तीन दिवसांत निम्म्याहून जास्त मेले किंवा जखमी झाले. ज्यांनी ही पोरं पुढे धाडली त्यांना मी माफ करू शकत नाही.

वाटसरू
निनचा खून हा कलंकच, ते मान्य. पण ब्रिटन-फ्रान्सने लोकनियुक्त सरकारला शस्त्रं विकायला नकार दिला, म्हणून ते रशियाच्या दारात गेलं. त्याचा दोष टेकडीवरच्या पोरांवर कसा?

रानजाई
मला तिसरंच खुपतं. फ्रँकोच्या फौजेत हजारो मोरोक्कन होते, गरिबीने भरती झालेले. स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोला स्वातंत्र्य द्यायचं प्रजासत्ताकाने नाव काढलं नाही. दिलं असतं तर? आपल्याकडचेही पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या फौजेत पगारासाठी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेच की. त्या मोरोक्कन शिपायाला ‘फॅसिस्ट’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

काटेकोर
रानजाई, अगदी खरं. वाटसरू, आणखी एक. आयर्लंडचे सातशेच्या आसपास स्वयंसेवक तिथल्या ओडफी या उजव्या नेत्याबरोबर फ्रँकोकडून लढायला गेले, धर्म वाचवायचा म्हणून. तेही स्वखुशीने, जीव पणाला लावून. मग स्वतःहून गेला म्हणजे बरोबरच, असं कसं ठरवायचं?

वाटसरू
तसं नाहीच ठरवत. कोणत्या बाजूला उभा राहिला, त्यावर ठरवतो. २६ एप्रिल १९३७ ला, बाजाराच्या दिवशी, गेर्निका या स्पेनमधल्या गावावर बाँब टाकले ते फ्रँकोच्या बाजूच्या जर्मन-इटालियन विमानांनी. रानजाईंच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. प्रजासत्ताक तिथे चुकलंच.
२८ ऑक्टोबर १९३८ ला बार्सिलोनात स्वयंसेवकांना निरोप दिला, लोकांनी रस्त्यावर फुलं उधळली. हुद्दार सुटून मायदेशी आले. पण त्या मिरवणुकीतल्या जर्मन-इटालियनांना परतायला घरच नव्हतं. त्यातले कितीतरी पुढे फ्रान्सच्या तारेच्या कुंपणाआड गेले. काटेकोर, त्यांनी १९३६ मध्ये घरी बसायला हवं होतं, असं म्हणाल तुम्ही?

काटेकोर
त्यांना नाही म्हणणार. मार्तीला म्हणेन.