एकटीने राष्ट्रीय उद्यान पाहताना : ठाणे-नवी मुंबईतील मैत्रिणींचे अनुभव

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल ठाणेकरांच्या दाराशी असले, तरी एकटीने जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो तो बिबट्याचा. प्रत्यक्षात कशाचा विचार करावा लागला आणि कोणती खबरदारी खरोखर उपयोगी पडली, हे जाऊन आलेल्या मैत्रिणींनी लिहावे. हे उद्यानच हवे असे नाही. ताडोबाचे अनुभवही चालतील.

वर्तकनगर, ठाणे

मी हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी उद्यानाच्या ठाण्याकडील भागात, येऊरला जाते. भल्या पहाटे पक्षी चांगले दिसतात हे मान्य; पण संधिप्रकाशात बिबट्याचा वावर अधिक असतो आणि त्या वेळी चढावर चिटपाखरूही नसते, म्हणून पुरते उजाडल्याशिवाय मी पायथ्याच्या उपवन तलावापुढे जात नाही. एका वनरक्षकाने मला सांगितले होते की बिबट्या समोर आलाच, तर पळू नये, खाली वाकू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. बायकांच्या दृष्टीने या सूचनेचा एक अर्थ कोणी उघडपणे बोलत नाही: आडोशाला बसण्याची वेळच येऊ नये. त्यामुळे स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी मी जंगलात शिरण्यापूर्वीच करते, मात्र त्या भीतीने पाणी पिणे टाळत नाही.

मला बिबट्यापेक्षा अधिक धास्ती वाटते ती सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी रस्त्याकडेला गाड्या लावून पिणाऱ्या टोळक्यांची. वर परतीची रिक्षा सहज मिळत नाही, म्हणून जातानाच बसच्या वाहकाला परतीच्या फेऱ्यांची वेळ विचारून ठेवते आणि शेवटच्या फेरीवर कधीच विसंबत नाही. पाड्यावरच्या बायका ‘ताई, आज तिकडे नका जाऊ’ म्हणाल्या, तर कारण न विचारता मागे फिरते.

ऐरोली

कान्हेरीला जायचे असेल तर सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते. बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी 6 ते 7 किलोमीटर आत आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाशी नेहमी वर्दळ असते, परंतु शंभराहून अधिक लेण्यांपैकी वरच्या अंगाची बरीचशी निर्जन असतात. तेथे दोन तरुण माझ्या मागे मागे येत आहेत असे जाणवल्यावर मी सहलीला आलेल्या शिक्षिकांजवळ जाऊन ‘मी तुमच्याबरोबर चालू का?’ असे सरळ विचारले. त्यांनी एका शब्दानेही चौकशी न करता मला सामावून घेतले. खाण्याची पिशवी हातात धरू नये, माकडे ती हिसकावतात.

घोडबंदर रस्ता

नागला बंदराकडील जंगल सुंदर आहे, पण तेथे मी एकटी जात नाही. यात कमीपणा वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

नेरूळ

ताडोबाला एकटीने जाणे मला येऊरपेक्षा सोपे वाटले, कारण तेथे पायी फिरायचे नसते. जिप्सीत चालक आणि गाईड बरोबर असतात. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, तसेच 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळातही. एकट्या प्रवाशाला पूर्ण जिप्सी परवडत नाही. म्हणून जागा वाटून घेताना बरोबर एखादे कुटुंब द्यावे, अशी विनंती मी मुक्कामाच्या ठिकाणी आधीच केली होती. सफारीच्या तीन-चार तासांत मनाला येईल तेथे उतरता येत नाही, तेव्हा निघण्यापूर्वीचा चहा टाळलेला बरा. चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो, त्यामुळे दिवसाउजेडी पोहोचेल अशी गाडी निवडावी आणि ओळखपत्राची मूळ प्रत बरोबर ठेवावी.

पाचपाखाडी

माझे वय आता साठीच्या पुढचे. वनखात्याची 1926 आणि पोलिसांची 112 ही मदतवाहिनी मी फोनमध्ये साठवली आहे. पण जंगलात नेटवर्क काही ठिकाणी जाते, म्हणून कोणती वाट धरणार आणि किती वाजता बाहेर पडणार, हे कागदावर लिहून शेजारच्या वहिनींकडे देते. एकटीने जायचे म्हणजे एकटीनेच चालायचे असे मी मानत नाही. बोरिवलीच्या बाजूने उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे मार्गदर्शकासह निसर्गभ्रमंती होते, तिच्यात मी नाव नोंदवते. गटात आणखी बायका किती आहेत, हे नोंदणीच्या वेळीच विचारते आणि मगच पैसे भरते.