मदत हवी आहे: अमेरिकेतील प्रादेशिक बार्बेक्यूसाठी मार्गदर्शक पुस्तक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आम्ही नॉर्थ कॅरोलिनापासून टेनेसीमार्गे टेक्ससपर्यंत मोटारीने जाणार असून, वाटेत त्या त्या भागातला अस्सल बार्बेक्यू खाता यावा, यासाठी एखादे विश्वासार्ह मार्गदर्शक पुस्तक सुचवावे, ही विनंती.

टेक्ससची चिंता नाही; बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या लॉकहार्ट गावी जायचे ठरलेच आहे, आणि २०२४ साली उपाहारगृहांना मानांकन देणाऱ्या मिशेलिनच्या मार्गदर्शिकेनेही टेक्ससमधल्या काही बार्बेक्यूवाल्यांना तारे दिले. अडचण आहे ती कॅरोलिनाची. तिथे पूर्व भागात अख्खे डुक्कर निखाऱ्यांवर मंद आचेने तासन्‌तास भाजतात, मग ते मांस बारीक चिरून व्हिनेगर आणि लाल मिरचीच्या पातळ सॉसमध्ये कालवतात. त्याच राज्यातल्या लेक्सिंग्टन गावाच्या बाजूला मात्र फक्त खांद्याचे मांस घेतात आणि सॉसमध्ये थोडे केचपही पडते. आमच्याकडील जुन्या पुस्तकात हे दोन्ही प्रकार एकाच प्रकरणात कोंबले आहेत, आणि कोण अजून लाकडावर भाजते नि कोणी गॅस घेतला, याचा त्यात पत्ताच नाही. माझ्या मते सर्वांत आधी हीच माहिती हवी.

मांस संपले की दुकान बंद, रविवारी बहुधा सुट्टी, असा तिकडचा कारभार असल्यामुळे वेळा नीट दिलेल्या असाव्यात. सासरे डुकराचे मांस खात नाहीत. त्यांच्यासाठी केंटकीतील ओवेन्सबरोला, तिथल्या प्रसिद्ध मेंढीच्या मटणाच्या बार्बेक्यूसाठी, वाट वाकडी करावी का? जाऊन आलेल्यांनी पुस्तकाची आवृत्ती आणि आपण कोणत्या साली गेलात, हेही कृपया लिहावे.