चार वर्षांच्या मुलीसाठी बायबलच्या गोष्टींचं पुस्तक: काय बघून घ्यावं?

सोनूची आई, पुणे:
नमस्कार. लेक चार वर्षांची, मुलगा सात. रात्री गोष्ट सांगितल्याशिवाय दोघं झोपत नाहीत. घरात दोन पुस्तकं आहेत. एक आत्याने परदेशातून पाठवलेलं इंग्रजी. चित्रं फार गोड, जलप्रलयात नोहाच्या तारवाच्या खिडकीतून जिराफ हसतोय वगैरे. परवा लेकीने विचारलं, "बाहेरची माणसं कुठे गेली?" मी गुपचूप पान उलटलं. दुसरं मराठी, एका मेळाव्यात स्टॉलवर घेतलेलं. त्यात "परमेश्वर कोपायमान झाला." मुलगा म्हणे, कोपायमान म्हणजे विमानासारखं काही असतं का? आता नवीन घ्यायचंय. काय बघून घेऊ?

नगरची मावशी:
अगं, मी एकतीस वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या धर्मशिक्षणात, बालवर्ग घेतला. चर्चच्या कपाटात पुस्तकांची थप्पी होती, त्यातली निम्मी मी कधी उघडलीच नाहीत.

दुकानात उभ्या उभ्या योनाची गोष्ट काढ, देवाचं न ऐकता पळालेला आणि माशाने गिळलेला संदेष्टा तो. माशाने योनाला किनाऱ्यावर ओकून टाकलं की गोष्ट संपते का? संपत असेल तर पुस्तक ठेवून दे. शास्त्रात, म्हणजे बायबलात, योनाचे चार अध्याय आहेत आणि मासा दुसऱ्यातच संपतो. खरी गंमत चौथ्यात. देवाने त्याला ज्या निनवे शहरात पाठवलं तिथले लोक सुधारले, देवाने त्यांना माफ केलं, म्हणून योना रुसून गावाबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्यावर वेलाची सावली धरतो, दुसऱ्या दिवशी एक किडा वेल कुरतडतो, योना आणखी चिडतो. शेवटी देव विचारतो, या एवढ्या मोठ्या शहरात सव्वा लाखाच्या आसपास माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये का? बस्स, तिथेच पुस्तक संपतं. गुरांचं नाव आलं की माझा वर्ग दरवेळी हसायचा. रुसणं म्हणजे काय हे चार वर्षांच्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आणि बरीच पुस्तकं नेमका तोच भाग गाळतात.

मग बघ, पदरचं किती घातलंय. एदेन बागेत सफरचंद आहे? शास्त्रात नुसतं फळ आहे. बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तीनच, आणि तेही गोठ्यात? ही गोष्ट सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आकडा दिलेला नाही, आणि ते आले घरात. एवढ्यासाठी पुस्तक टाकू नकोस, पण ज्याने इथे शास्त्र उघडून पाहिलं नाही त्याने बाकी काय केलं असेल, एवढा अंदाज येतो.

भाषेसाठी एक पान मोठ्याने वाच. येशूला बघायला बुटका जक्कय कशावर चढला? आपल्या मराठी शास्त्रात उंबरावर. एका अनुवादित पुस्तकात मी 'सायकामोर' छापलेलं पाहिलंय. उंबर दारात असलेल्या पोराला सायकामोर कशाला? तसंच हरवलेल्या मेंढराचं. पुस्तकातलं मेंढरू कापसाच्या बोळ्यासारखं. वर्गातला एक पोरगा म्हणाला, "बाई, हे खोटंय. मेंढरं काळी असतात." धनगरवाड्याशेजारी राहायचा तो. बरोबरच होतं त्याचं.

गोष्टीखाली चौकटीत "म्हणून मुलांनो, आईबाबांचं ऐकावं" असेल तर ती चौकट वाचूच नकोस.

तारवाचं म्हणशील, तर मी सहा वर्षांखालच्यांना ती गोष्ट आपणहून सांगत नसे. लहानग्या शमुवेलाची सांगायचे. रात्री देवाची हाक ऐकून तो तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो, झोपायच्या वेळची याहून चांगली गोष्ट नाही. किंवा जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे आणणारा मुलगा. पण लेकीने विचारलंच आहे ना? मग पान उलटू नकोस. बुडाली म्हणून सांग. जवळ घेऊन सांग.

वसईवाला:
मावशी म्हणतात त्यात आमची कॅथलिकांची एक भर. संतांची पुस्तकं घेताना जपून. आमच्याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत झाले. माझ्या मुलाला भेट मिळालेल्या पुस्तकात पहिलंच चित्र भाल्यांचं. पोरगं दोन रात्री आमच्यात झोपलं. मी आता ती गोष्ट किल्ल्यापासून सुरू करतो. इथलाच एक मुलगा जहाजात बसून जपानला गेला, तिथली भाषा शिकला. शेवट दहा वर्षांचा झाल्यावर.

पाठांतरवेडी:
थोडं विषयांतर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं 'ख्रिस्तायन', म्हणजे ओव्यांतलं येशूचं चरित्र, घरात असेल तर मधूनच चार ओव्या म्हणून बघा. अर्थ नाही कळला तरी चालतं, मुलं ठेक्यावर डोलतात.

सोनूची आई, पुणे:
मावशी, काल दुकानात गेले. तीन पुस्तकांत योना माशातून बाहेर आला की समाप्त. चौथ्यात किडा होता! चित्रं जरा फिकी आहेत, पण घेतलं. तारवाचंही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग जिराफ मोजायला लागली. आता तिला त्या वेलाचं पुढे काय झालं ते हवंय. पुन्हा उगवला म्हणून सांगू का?

नगरची मावशी:
नको. वाळला म्हणून सांग.