आई-बाबा नागपूरहून लंडनला येताहेत, दोन दिवस समुद्रावर कुठं न्यावं?

महालची_लेक
नमस्कार मंडळी. आई-बाबा नवतपा, म्हणजे मेअखेरचं कडक ऊन, लागायच्या आत नागपूरहून निघताहेत, दोहामार्गे, आणि ऑगस्टपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत. आम्ही पूर्व लंडनमध्ये बार्किंगला राहतो. जूनमधला एक शनिवार-रविवार त्यांना समुद्रावर न्यायचंय.

बाबा एकाहत्तर वर्षांचे, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त. दोन्ही गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतात, पायऱ्या नकोत. आईनं समुद्र एकदाच पाहिलाय, लग्नानंतर जुहूला, आणि तिला पाण्यात पाय बुडवायचेत. हे तिनं फोनवर मला दोनदा सांगितलंय. सोबत मी, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी. गाडी नाही. आई शाकाहारी, बाबांना सगळं चालतं.

बजेट ३०० पौंड. त्यात रेल्वे, एक रात्र राहणं, जेवण, सगळं. कृपया याच्यात बसेल असंच सांगा.

धंतोलीचा_पक्या
ब्रायटन. विचारच करू नका ताई. मी क्रॉयडनला राहतो, दर उन्हाळ्यात जातो. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्ता समुद्रावर उतरतो. पॅलेस पियर, म्हणजे समुद्रात आत शिरलेला लांब धक्का, १८९९ सालचा आहे, त्यावर पाळणे, गेम, खाणं, सगळं मिळतं. शेजारी जळालेल्या वेस्ट पियरचा सांगाडा पाण्यात उभा आहे, संध्याकाळी त्याचे फोटो झकास येतात. व्होल्क्सची छोटी विजेची रेल्वे किनाऱ्यालगत १८८३ पासून चालते, मुलीला फार आवडेल. आम्ही मागच्या वर्षी समुद्रासमोरची खोली घेतली होती, एका रात्रीचे २१० पडले, पण पहाटे खिडकी उघडली की समोर समुद्र. ती मजा दुसरीकडे नाही.

सुलभाकाकू_प्रतापनगर
अगं, ब्रायटनला वाळू नाही! नुसते गोटे. मी मुलाकडे साउदॅम्प्टनला राहून आलेय म्हणून सांगते. त्या गोट्यांवर माझ्यासारखीला चालता येत नाही, तुझ्या बाबांना कसं येईल? बोर्नमथला ने. मैलोन्‌मैल पिवळी मऊ वाळू, सात मैल तरी असेल. वर बागा आहेत आणि खाली किनाऱ्याला लागून रुंद रस्ता. माझ्या सुनेनं वरच्या कड्यावरचं हॉटेल घेतलं होतं, नाश्ता त्यातच. पैसे किती ते मी विचारलं नाही, मुलानं दिले. दोन रात्री तरी राहा, एका रात्रीत काय होतं.

धंतोलीचा_पक्या
काकू, ओहोटीला ब्रायटनलाही थोडी वाळू उघडी पडते. आणि बोर्नमथ वॉटर्लूहून दोन तास. बार्किंगहून वॉटर्लू गाठायला आणखी तास धरा. लहान लेकरू आणि गुडघे घेऊन कोण जाईल?

सुलभाकाकू_प्रतापनगर
नागपूरहून रेल्वेनं पुण्याला रात्रभर जातोच ना आपण? दोन तासांचं काय घेऊन बसलास.

खामला_एक्सप्रेस
ताई, बार्किंगले राहून ब्रायटन अन् बोर्नमथ कायले? तुमच्या स्टेशनातूनच साउथएंडची गाडी जाते ना. पाऊण-एक तासात समुद्र. मी डॅगनहॅमले राहतो, आमचं सगळं खटलं तिथंच जाते.

धंतोलीचा_पक्या
साउथएंड?? तो समुद्र नाही भाऊ, थेम्सचं मुख आहे. ओहोटीला पाणी मैलभर मागं जातं आणि समोर चिखल. नागपूरहून इतक्या लांब आलेल्या माणसाला चिखल दाखवायचा का?

रेल्वेवेडा_अजनी
कुठंही जा, तिकिटाचं आधी समजून घ्या, लोक इथंच पैसे घालवतात. तुम्ही मोठी माणसं चार आहात. तीन ते नऊ जण एकत्र जाणार असतील तर ग्रुपसेव्ह म्हणून सवलत आहे, तिसरा हिस्सा कमी. कार्ड लागत नाही, फी नाही. तिकीट काढताना अॅपमध्ये चार प्रवासी टाका, बहुतेक वेळा ती आपोआप लागते, नाही लागली तर खिडकीवर मागा. ऑफ-पीकमध्ये, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळात चालते आणि शनिवार-रविवार दिवसभर ऑफ-पीकच असतो. पाच वर्षांखालचं मूल फुकट. साउदर्न, थेम्सलिंक, साउथ वेस्टर्न आणि साउथएंडच्या सी-टू-सी गाड्यांवर चालते. एकच अट आहे, चौघांनी जाता-येता सोबतच राहायचं.

दुसरं म्हणजे शनिवार-रविवारीच रुळांची कामं काढतात आणि अर्ध्या वाटेत उतरवून बसमध्ये बसवतात. आदल्या आठवड्यात नॅशनल रेलच्या साइटवर पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका.

कॉर्नवॉल_रिटर्न
मंडळी, समुद्र पाहायचा तर कॉर्नवॉल. सेंट आइव्ह्जचं पाणी निळंशार आहे, इंग्लंडमध्ये आहोत असं वाटत नाही. आम्ही पहाटे चारला गाडी काढली आणि नाश्ता रस्त्यात केला. लंडनजवळचे हे किनारे म्हणजे वेळ घालवणं. आयुष्यात एकदा येताहेत आई-बाबा, ३०० पौंडांकडे पाहू नका.

महालची_लेक
कॉर्नवॉलला गाडी हवी आणि रेल्वेनं पाच तासांच्या वर जातात. तीनशेकडे मला पाहावंच लागतं, विमानाची तिकिटं आत्ताच काढलीत. अजनीवाल्यांचे आभार, ग्रुपसेव्ह मला माहीतच नव्हतं.

वर्धारोड_यूके
मी तर म्हणेन आई-बाबा दोघांचं सीनियर रेलकार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं रेल्वे-सवलतीचं कार्ड, काढा. साठीच्या वरच्या कोणालाही मिळतं, इथलं नागरिकत्व लागत नाही, पासपोर्टवर काम होतं. ऑगस्टपर्यंत आहेत म्हणता, तर वसूल होईल. आमच्या सासूबाईंचं काढलं होतं, त्यांनी त्यावर एडिनबराही केलं.

रेल्वेवेडा_अजनी
पण ग्रुपसेव्हवर रेलकार्ड लागत नाही, दोन्हींपैकी एकच. या सहलीला चौघं सोबत आहेत, तर कार्डाचे पैसे कशाला? पुढं आई-बाबा दोघंच फिरणार असतील तेव्हा काढावं.

वर्धारोड_यूके
मी पुढचंच सांगतोय. तीन महिने घरात बसवणार आहेत का त्यांना?

कामठीवाला
ब्रायटनच्या बाजूनं मी एक सांगतो, पियर आणि पाळणे सोडून. तिथलं रॉयल पॅव्हेलियन हा चौथ्या जॉर्जचा घुमट-मिनारांचा महाल. १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या जानेवारीपर्यंत तिथं आपल्या जखमी जवानांचं रुग्णालय होतं. फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेली पोरं झुंबरांच्या खाली खाटांवर होती. धर्माप्रमाणे वेगवेगळी नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळसुद्धा वेगळे. जे हिंदू आणि शीख जवान वारले, त्यांतल्या ५३ जणांना शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी संगमरवरी स्मारक-छत्री आहे, १९२१ साली तिचं अनावरण झालं. माझे आजोबा फौजेत होते, मी तिथं उभा राहिलो तेव्हा बोलता आलं नाही.

छत्रीपर्यंत रस्ता जात नाही, शेतातून चढ चालावा लागतो, बाबांना जमणार नाही. पण पॅव्हेलियनच्या बागेच्या दक्षिण बाजूला भारतानं दिलेलं प्रवेशद्वार आहे, तेही १९२१ चंच, पटियालाच्या महाराजांच्या हस्ते उघडलेलं. तिथं सपाट रस्ता आहे आणि पाहायला पैसे लागत नाहीत. निर्माणीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते दाखवा.

धंतोलीचा_पक्या
+१. तेच म्हणतोय मी, ब्रायटन.

इतवारी_मसाले
सहलीचं होईल हो, पण आईला आत्ताच फोन करा. बॅगेत तूप, खव्याचे पेढे, पनीर काही आणू नका म्हणावं. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथं आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आमच्या आईचा दोन किलोचा तुपाचा डबा गेला, ती बिचारी रडायला आली होती. मसाले, लोणचं, कोरडा चिवडा, शंकरपाळे चालतात. दौऱ्यावर जाताना तेच कामाला येतं, समुद्रावर शाकाहारी माणसाला चिप्सशिवाय पटकन काही मिळत नाही. आणि चिप्ससुद्धा कधीकधी गुरांच्या चरबीत तळतात, विचारून घ्या.

सुलभाकाकू_प्रतापनगर
हो गं, आणि ते समुद्रपक्षी! हातातला घास ओढून नेतात. मुलीच्या हातात उघडं खाणं देऊ नको, भिंतीला पाठ लावून बसा. वारा पण फार असतो, जून असला तरी. आपल्याकडचं ४५ डिग्री सोसलेल्या माणसाला तिथला १८ डिग्रीचा वारा कानात जातो. बाबांना कानटोपी घे. बोर्नमथला मात्र वाऱ्याला आडोसा आहे.

महालची_लेक
तुपाचं आत्ताच कळवलं, ती भरायच्याच बेतात होती. कामठीवाले दादा, तुमचं लिहिलेलं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

राहण्याचं कोणीच सांगत नाहीये. ब्रायटनला जूनमधल्या शनिवारी दोन खोल्यांचे साधेच दर पाहिले तरी अख्खं बजेट तिथंच संपतंय.

रेल्वेवेडा_अजनी
शनिवारची रात्र सोडा, रविवारची घ्या. समुद्राकाठच्या गावात रविवारी दुपारी गर्दी उतरते आणि खोलीचे दर खाली येतात. सोमवारची एक सुट्टी टाकली की झालं. खोली घेताना तळमजला किंवा लिफ्ट आणि बाथटबऐवजी सपाट शॉवर मागा. गुडघेदुखीच्या माणसाला टबाची कड ओलांडणं सगळ्यात अवघड.

वर्धारोड_यूके
प्रवासी विमा काढलाय ना? पाहुण्यांना इथं हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पूर्ण बिल येतं, तेही वाढीव दरानं.

महालची_लेक
विमा काढलाय. खामलावाले भाऊ, साउथएंडच्या चिखलाचं खरं काय आहे?

खामला_एक्सप्रेस
चिखल आहे ताई, खोटं कायले बोलू. पण भरती-ओहोटी पाहून जा न. पौर्णिमा-अमावास्येच्या एक-दोन दिवस पुढं-मागं साउथएंडले भरती दुपारी बारा ते दोनच्या मधात येते. म्हणजे दहा-अकराले पोचलं की पाणी चढून राह्यते, जेवायच्या टायमाले काठाशी असते अन् चार वाजेपर्यंत राह्यते. रोज पाऊण-एक तासानं वेळ पुढं सरकते. नक्की टाइम भरतीच्या तक्त्यात पाहून घ्याचा. वटपौर्णिमेच्या आसपासचा रविवार पकडा, आईले सांगणं पण सोपं.

ओहोटी असली तरी पियरच्या जवळ थ्री शेल्स म्हणून बांधून काढलेलं तळं आहे, त्यात समुद्राचं पाणी राह्यते. गुडघ्यापेक्षा कमी पाण्यात पोरंसोरं खेळतात, आई आरामात पाय बुडवतील. फक्त ओहोटीच्या चिखलात लांब चालत जाऊ नका, पाणी परत येते तेव्हा झपाट्यानं येते.

अन् बाबांसाठी असली गोष्ट म्हणजे पियर. दोन किलोमीटरच्या वर लांब आहे, करमणुकीसाठी बांधलेल्या पियरांमधला जगातला सगळ्यात लांब, १८८९ सालचा. त्याच्यावर रेल्वे चालते! बाबांले एक पाऊल चालायचं काम नाही, गाडीत बसले की समुद्राच्या मधोमध उतरते. तिथं बाकडे आहेत, चहा आहे, मोठी जहाजं लंडनकडे जाताना दिसतात. शेवटची परतीची गाडी किती वाजता ते आधी विचारून घ्याचं.

धंतोलीचा_पक्या
पियर चांगला आहे, मान्य. पण त्या पाण्याचा रंग करडा आहे, जुहूसारखाच. आईंना वेगळं काय दिसणार?

कॉर्नवॉल_रिटर्न
सहमत. करडा समुद्र पाहायला सात हजार किलोमीटर यायचं?

खामला_एक्सप्रेस
आईंले पाय बुडवायचे आहेत म्हणते न ताई. रंगाचं तुम्हीच काढलं.

महालची_लेक
मंडळी, ठरलं. साउथएंडच. वटपौर्णिमेनंतरचा पहिला रविवार आणि सोमवारची सुट्टी. तक्त्यात भरती दुपारी दीडच्या आसपास दिसतेय. बार्किंगहून एकच गाडी, बदलायची नाही, बाबांना पुलावरून जिने चढायला नकोत. ग्रुपसेव्ह लागलं. दोन खोल्या तळमजल्यावर मिळाल्या, रविवारची रात्र असल्यामुळं अर्ध्याच्या आसपास पैसे उरताहेत.

बोर्नमथ छान असणार काकू, पण दोन गाड्या बदलून बाबांना वाळूपर्यंत न्यायचं आणि ते बाकड्यावर बसून आमच्याकडे पाहत राहणार, हे मला नको होतं. पियरच्या गाडीनं ते आमच्या सगळ्यांच्या पुढं समुद्रात जातील. आईला सांगितलं, ती म्हणाली, करडं का असेना, खारं आहे ना?

सुलभाकाकू_प्रतापनगर
बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. पण माझं ऐक, सोमवारी सकाळी लवकर पाण्यावर जा, गर्दी नसते.

रेल्वेवेडा_अजनी
सोमवारी सकाळी गर्दीच्या वेळात परत निघू नका. ग्रुपसेव्ह तेव्हा चालणार नाही, दहा वाजेनंतरची ऑफ-पीक गाडी पाहून ठेवा. शिवाय सोमवारी सकाळी ओहोटी असेल, काकू.

धंतोलीचा_पक्या
ठीक आहे ताई. जुलैत उरलेल्या पैशांत एक दिवस ब्रायटन करा, मी स्टेशनवर येतो. बाबांना ते प्रवेशद्वार मी दाखवतो.

वाडी_ते_लिव्हरपूल
धागा वाचला, छान माहिती. आमचे आई-बाबा पण जुलैत येताहेत, आम्ही लिव्हरपूलला आहोत, बजेट २५०. इकडे कुठं न्यावं?

कॉर्नवॉल_रिटर्न
कॉर्नवॉल.